लहानपणीची अद्भुत कादंबरी पुन्हा वाचायची आहे? मग आधी ती बाजूला ठेवा

विदर्भातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मी गेली अठरा वर्षं संध्याकाळचे दोन तास बसतो. दर उन्हाळ्यात चार-सहा जण तरी असे येतात. वय पन्नाशीच्या पुढचं. "ते भुयाराचं आन् जादूच्या आंगठीचं पुस्तक होतं ना जी, मी सातवीत वाचलं होतं, ते हाये का अजून?" शोधाशोध होते, पुस्तक सापडतं. माणूस हरखून जातो, कपाटापाशी उभ्याउभ्याच दोन पानं वाचतो आणि पिशवीत घालून घरी नेतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुस्तक टेबलावर परत. "नाही जमलं. आता त्यात काही राम राहिला नाही."

राम गेलेला नसतो. क्रम चुकलेला असतो. पहिल्या वाचनात आपण गोष्टीच्या मागे धावतो, कारण पुढे काय होणार ते ठाऊक नसतं. चाळीस वर्षांनी त्याच घाईने तेच पुस्तक उघडलं तर हाताला काहीच लागत नाही. पुन्हा वाचायची तयारी वेगळी आहे आणि ती पुस्तक उघडण्याच्या आधी करायची असते. मी स्वतः दोन पुस्तकं वाया घालवली, तिसऱ्या वेळी क्रम लागला. तो खाली दिला आहे. पायऱ्या उलटसुलट करू नका, विशेषतः पहिली.

## १. पुस्तक उघडण्याआधी आठवणीचा कागद

तुमच्याकडे त्या कादंबरीच्या दोन प्रती आहेत. एक छापलेली, दुसरी मनातली. मनातली प्रत इतक्या वर्षांत तुम्ही किती वेळा चाळली असेल, कुठे काय जोडलं असेल, काय गाळलं असेल, याचा तुम्हालाही पत्ता नाही. छापील पुस्तक उघडलं की ती मनातली प्रत तासाभरात पुसली जाते आणि परत येत नाही. "असंच तर होतं, मला आठवतच होतं," असं वाटायला लागतं. म्हणून ती आधी कागदावर उतरवायची.

एक फुलस्केप कागद घ्या, वर तारीख टाका आणि एका बैठकीत लिहा:

- डोळ्यांपुढे अजून उभे राहणारे प्रसंग, जसे दिसतात तसे. आगापिछा जुळवू नका.
- माणसांची नावं. नाव आठवत नसेल तर खूण: "एक डोळा असलेला म्हातारा", "दिवा घेऊन येणारी मुलगी".
- शेवट. आठवत नसेल तर "शेवट आठवत नाही" असंच लिहा.
- कोण आवडत होतं, कोणाची भीती वाटायची.
- पुस्तक कोणी दिलं, कुठे बसून वाचलं, तेव्हा घरात काय चाललं होतं.

शेवटचा मुद्दा लोक गाळतात. तोच सगळ्यात जास्त कामाला येतो.

माझ्या कागदावरच्या ओळी अशा होत्या: "नायकाचा पांढरा घोडा भुयारात मरतो. नायक त्याच्या मानेवर डोकं ठेवून रडतो. मी जागलीला होतो, तुरीच्या वावरात, माळ्यावर. पौषातली थंडी. कंदिलाची काच एका बाजूने काळी झाली होती म्हणून पुस्तक तिरपं धरत होतो. रोही आले तरी उठलो नाही, सकाळी बाबा रागावले." (जागली म्हणजे रात्रीची पिकाची राखण, वावर म्हणजे शेत, रोही म्हणजे नीलगाय.) या ओळींचं पुढे काय झालं ते सातव्या पायरीत सांगतो.

सावध: कागद पुरा होईपर्यंत मोबाईलवर कादंबरीचं नाव टाकून बघू नका. कथेचा सारांश वाचू नका, मुखपृष्ठाचं चित्रही नको. भावाबहिणीला फोन करून "तुला काय आठवतं" असंही विचारू नका. त्यांची आठवण तुमच्या आठवणीत मिसळली की वेगळी काढता येत नाही.

तपासा: कागदावर निदान एक गोष्ट अशी हवी जिची तुम्हाला पक्की खात्री आहे. तिच्याखाली रेघ ओढा. कागदाची घडी घालून डब्यात टाका आणि दोन दिवस तिकडे फिरकू नका.

## २. नेमकं तेच पुस्तक मिळवा

नाव तेच म्हणजे पुस्तक तेच, असं नसतं. या एका चुकीमुळे बऱ्याच जणांचा विरस होतो.

नाथमाधवांच्या 'वीरधवल'चंच घ्या. कादंबरी १९१३ ची, लेखक वारले १९२८ मध्ये. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखनाचा हक्क संपतो आणि त्यानंतर ते पुस्तक कोणीही छापू शकतं. त्यामुळे अशा जुन्या कादंबऱ्या एकाच नावाने पण वेगवेगळ्या रूपात निघू शकतात: कोणी संपूर्ण छापतो, कोणी मुलांसाठी संक्षिप्त, कोणी भाषा आजची करून. तुम्ही लहानपणी संक्षिप्त वाचली असेल आणि आता संपूर्ण हाती आली, तर "एवढं पाल्हाळ कुठून आलं" असं वाटणारच. उलट झालं तर आवडता प्रसंगच सापडणार नाही.

पाहायचं ते एवढंच. आतल्या पहिल्या दोन पानांवर "संक्षिप्त", "सुधारित", "रूपांतर" यातला एखादा शब्द आहे का? पृष्ठसंख्या किती? कादंबरी भागांत असेल तर सगळे भाग आहेत का? आमच्या कपाटात तीन भागांपैकी पहिला आणि तिसरा अशा जोड्या कितीतरी आहेत. मधला भाग कोणीतरी नेला तो नेलाच.

अनुवादित कादंबरी असेल तर अनुवादकाचं नाव पाहा. अद्भुत कथेत जादू शब्दांत असते. तलवारीचं, रानाचं, राक्षसाचं जे नाव तुम्ही बालपणी मनात घोळवलं, ते दुसऱ्या अनुवादात वेगळं असतं, आणि परक्या नावाला तुमचं मन ओ देत नाही. पर्याय असेल तर जुनाच अनुवाद घ्या, मग तो आज थोडा अवघड वाटला तरी चालेल.

१९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी छापलेली प्रत असेल तर शब्दाशब्दावर अनुस्वार दिसतील: नाहीं, तें, घरांत, कीं. ते नाकात उच्चारायचे नाहीत, नुसते डोळ्यांनी ओलांडायचे. दहा पानं मोठ्याने वाचली की अडखळणं थांबतं. या अनुस्वारांना घाबरून नवी प्रत शोधायला जाऊ नका.

शोधायचं कुठे? आधी गावात. वाचनालयातल्या माणसाला फक्त कपाट दाखवायला सांगू नका, दाखल रजिस्टर काढायला सांगा. त्यात पुस्तकाचा दाखल क्रमांक, वर्ष, किंमत अशी ओळ असते. कपाटात न दिसणारं पुस्तक रजिस्टरात असेल तर ते पोत्यात बांधलेलं, बाइंडिंगला काढून ठेवलेलं किंवा कोणाच्या तरी घरी आहे. गावातल्या शाळेचं बंद कपाटही विसरू नका, हेडमास्तरांना विनंती करून बघा. मग तालुका, मग जिल्ह्याचं वाचनालय. नागपूरला कामाने जाणं झालं तर सीताबर्डीवर जुनी पुस्तकं विकणारे बसतात, त्यांच्याकडे नाव आणि रंग सांगून ठेवा. ते लोक पुस्तक मुखपृष्ठाच्या रंगावरून ओळखतात.

तपासा: प्रत घरी आणल्यावर वाचायची नाही. पानं मोजायची. पृष्ठक्रमांक सलग आहेत ना ते पाहा, शेवटचा फॉर्म, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांची जुडी, गळालेला नाही ना ते पाहा. शेवटच्या पानाकडे बघताना मजकुरावर हात ठेवा. रात्री अकरा वाजता ३१२ वरून एकदम ३२९ वर पोचण्याची पाळी फार वाईट असते.

## ३. प्रत वाचण्याजोगी करा

जुनं पुस्तक आणलं की दोन दिवस सावलीत, वारा लागेल असं उभं उघडून ठेवा. उन्हात नाही. आपल्याकडचं ऊन पिवळ्या कागदाचे पापड करतं, घडी घातली की पान तुटतं. मऊ कोरड्या ब्रशने शिवणीतली धूळ बाहेर काढा. चांदीसारखी चपळ कसर पळताना दिसली तर ती शिवणीतली खळ खायला आलेली असते. पुस्तक बाकीच्या पुस्तकांत ठेवू नका.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. दोन वर्षांत तो पिवळा पडतो, चिकटा सोडतो आणि अक्षरं घेऊन निघतो. पातळ पतंगी कागदाची पट्टी आणि कणकेची पातळ खळ पुरे. डांबरगोळ्यांत ठेवलेलं पुस्तक असेल तर वास जाईपर्यंत हाती घेऊ नका, डोकं धरतं. कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर खडखडीत वाळलेला ठेवा. ओला ठेवून बुरशी ओढवून घेणारी घरं मी पाहिली आहेत.

मातीच्या भिंतीला टेकवून पुस्तक ठेवू नका. उधई (वाळवी) रात्रीत आत शिरते.

## ४. डोळे, उजेड आणि बैठक

"पुस्तकात मन लागत नाही" म्हणणाऱ्यांपैकी अर्ध्यांचा दोष डोळ्यांत असतो, असं मला आता खात्रीने वाटतं. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, जवळचं अक्षर धूसर होतं. चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो ते उगाच नाही. जुन्या कादंबऱ्यांची छपाई खिळ्यांची, अक्षर बारीक, शाई फिकी, कागद पिवळा. अशा पानावर अर्धा तास ताणून बघितलं की कपाळ दुखतं, आणि दोष कथेला दिला जातो.

चष्मा दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर नंबर तपासून घ्या. गावात नेत्र शिबिर येतं तेव्हा जा. बाजारातला तयार चष्मा दोन्ही डोळ्यांना सारखाच नंबर देतो, तुमचे डोळे मात्र सारखे असतीलच असं नाही. आणि मोतीबिंदू धरला असेल तर तो चष्म्याने जाणार नाही.

पुस्तक किती दूर धरायचं? कोपर टेबलावर टेकवा, मूठ गालाला लावा. कोपरापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढं डोळ्यापासून पानाचं. उजेड डाव्या खांद्यावरून, मागून. उघडा बल्ब डोळ्यांसमोर नको.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. दुहेरी भिंगाच्या चष्म्याने बाजेवर आडवं पडून वाचू नका. वाचायचा नंबर भिंगाच्या खालच्या भागात असतो. आडवं पडलं की नजर वरच्या भागातून जाते, मग हनुवटी वर करून मान ताणून वाचावं लागतं आणि दहाव्या पानावर झोप येते किंवा मान धरते. लहानपणी पालथं पडून वाचलं होतं म्हणून आताही तसंच वाचायचा मोह होतो. तो आवरा. भिंतीला पाठ लावून बसा, मांडीवर उशी घ्या, उशीवर पुस्तक ठेवा.

## ५. हंगाम बघून सुरुवात करा

चारशे पानांची कादंबरी रोज वीस-पंचवीस पानांनी वाचली तर सोळा ते वीस दिवस लागतात. एवढे दिवस सलग मिळतील असा काळ निवडा. मध्ये आठवड्याचा खंड पडला तर अद्भुत कथेचं जग विरून जातं आणि मागची पन्नास पानं पुन्हा वाचावी लागतात.

आपल्याकडे असे दोनच काळ. एक, गहू-हरभरा घरात आल्यानंतर मेच्या मध्यापर्यंत. दुपारी अकरा ते पाच बाहेर पडायची सोय नसते, पारा ४५ च्या घरात, तेव्हा कूलरसमोर किंवा ओल्या पडद्याच्या ओसरीत दोन तास निघतात. रोहिणी लागल्यावर मात्र नवीन पुस्तक धरू नका, बी-बियाण्याची धावपळ मान वर करू देत नाही. दुसरा काळ म्हणजे निंदण-डवरणी उरकल्यावर लागणारी झडी. पाणी दोन-तीन दिवस थांबत नाही, वावरात पाय रुतत असतो, तेव्हा सुरुवात करायची आणि पोळ्याच्या आत संपवायचं. सोयाबीन कापणीपासून कापसाच्या वेचणीपर्यंत सुरुवात करणारा माणूस पुस्तक पुरं करत नाही, हे मी अठरा वर्षांच्या देवघेवीच्या वहीवरून सांगतो.

पुस्तक देतानाच मुदत वाढवून मागा. पंधरा दिवसांच्या धाकाखाली वाचू नका.

सावध: लाईट जाणार हे धरून चाला. चार्जिंगचा दिवा भरून ठेवा. मोबाईलच्या टॉर्चवर वाचू नका, एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात फोन असला की फोन जिंकतो.

## ६. पहिली साठ पानं: निकाल देऊ नका

आता पुस्तक उघडा.

जुन्या अद्भुत कादंबऱ्या सावकाश सुरू होतात. रान, पर्वत, राजधानी, वंशावळ. तेराव्या वर्षी तुम्ही हा सगळा भाग बहुधा उड्या मारत ओलांडला होता आणि ते तुम्हाला आठवत नाही. म्हणून "ही सुरुवात कंटाळवाणी झाली आहे" असं वाटतं. ती तुम्ही खरं म्हणजे पहिल्यांदाच वाचत आहात.

या साठ पानांत एकच काम करायचं: त्या जगाचे नियम टिपायचे. जादू कोणाला येते? तिची किंमत काय द्यावी लागते? कोणत्या दारातून परत येता येत नाही? कोणत्या वेळेला मंत्र चालत नाही? लेखक हे सुरुवातीला सहज सांगून जातो आणि पुढची सगळी संकटं त्यावर उभी करतो. बालपणी आपण संकटं वाचली, नियम नाही. नियम हाती असले की कथा कशी विणली आहे ते दिसायला लागतं, आणि शेवट ठाऊक असणाऱ्यालाही पान उलटावंसं वाटतं.

एका बैठकीत पंचवीसच्या वर जाऊ नका, गोडी लागली तरी. पहिल्या दिवशी ऐंशी पानं वाचणारे पाचव्या दिवशी थांबतात.

तपासा: साठाव्या पानावर पुस्तक मिटून त्या जगाचे तीन नियम तोंडी सांगा. सांगता आले नाहीत तर पुढे जाऊ नका, मागे वळा.

## ७. तीन तऱ्हेच्या चिठ्ठ्या

वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिलही लावायची नाही. जुन्या कॅलेंडरच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा आणि पानांत घालत जा. पट्टीवर एक अक्षर:

- आ: आठवत होतं तसंच आहे.
- न: हे मुळीच आठवत नव्हतं.
- चु: चुकीचं आठवत होतं.

"आ" पट्ट्यांवर थांबू नका, तो ओळखीचा आनंद आहे, घ्या आणि पुढे जा. "न" पट्ट्या सगळ्यात जास्त निघतात. त्यातल्या बऱ्याच जागा म्हणजे म्हाताऱ्या माणसांची बोलणी असतात, कर्जाची, वाटणीची, आजारपणाची. तेराव्या वर्षी त्यांचा अर्थच लागला नव्हता.

"चु" पट्टी निघाली की मात्र त्या दिवसाचं वाचन तिथेच थांबवायचं. आठवणीचा कागद काढायचा, ती ओळ शोधायची आणि शेवटचा मुद्दा वाचायचा: तेव्हा घरात काय चाललं होतं.

माझ्या कागदावर ज्या ओळीखाली रेघ होती ती घोड्याची. तो प्रसंग माझ्या डोळ्यांपुढे इतका लख्ख होता की त्यावर मी वावर गहाण टाकलं असतं. पुस्तकात घोडा मरत नाही. भुयारात तो शिरतच नाही. नायक त्याला नदीकाठी घोडे सांभाळणाऱ्या एका मोतद्दाराच्या हाती सोडतो, घोडा एकदा मान वळवून बघतो, आणि त्यानंतर चारशे पानांत त्याचा उल्लेख नाही. मी ते पान तीनदा वाचलं. मग कागद काढला. "जागलीला होतो" या ओळीशी बराच वेळ बसलो तेव्हा उलगडलं की मी जागलीला होतो कारण त्या वर्षी पोळ्यानंतर पंधरा दिवसांत आमच्या जोडीतला पांढरा बैल गेला होता. दुसरा घ्यायला पैसे नव्हते, बाबा दिवसभर दुसऱ्याच्या बंडीवर (बैलगाडीवर) जात, म्हणून रात्रीची राखण माझ्याकडे आली. बैल गेला तेव्हा मी रडलो नव्हतो. बाबांनी त्याच्या मानेवर हात ठेवला होता, तो मी गोठ्याच्या दारातून पाहिला होता.

हे मला पुस्तकाने सांगितलं नाही, कागदानेही नाही. दोघं शेजारी ठेवले तेव्हा कळलं. आधी पुस्तक उघडलं असतं तर नदीकाठचं पान वाचून "हो, घोडा इथे सोडला होता" म्हणत मी पुढे गेलो असतो.

सावध: "चु" पट्टी म्हणजे तुमची चूक नव्हे. लोक ती लपवतात, कागदावरची ओळ खोडून दुरुस्त करतात. खोडू नका. त्याच ओळीसमोर नवी तारीख टाकून पुस्तकात काय आहे ते लिहा.

## ८. खुपणारी पानं

ही येणारच. काळा तो दुष्ट, कुरूप ती चेटकीण, रानात राहणारा तो नरबळी देणारा. माझ्या कादंबरीत रानातली माणसं अंगाला राख फासून किंचाळत येतात आणि नायक त्यांची मुंडकी उडवतो. चौदाव्या वर्षी मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आणि आमच्या धुऱ्याला (शेताच्या बांधाला) लागूनच कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे वस्ती, होता. जागलीच्या रात्री मला शेकोटी कशी राखायची, साप कुठल्या अंगाने जातो, हे ज्यांनी शिकवलं ते काका त्या पोडातले. त्यांच्या शेजारी बसून मी ते पान वाचलं होतं आणि दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या.

इथे दोन तऱ्हेचे वाचक चुकतात. एक म्हणतो "जुन्या काळचं आहे, चालायचंच", दुसरा पुस्तक मिटतो. दोघांनाही पुढचं काही मिळत नाही. माझा सल्ला असा: चिठ्ठी घाला, एका वाक्यात लिहा की इथे काय खुपलं आणि तेव्हा का खुपलं नव्हतं, आणि वाचत राहा. प्रेम आणि हरकत एकाच पुस्तकावर असू शकते. घरातल्या माणसांवरही असतेच.

नातवंडांना वाचून दाखवताना असं पान गुपचूप गाळू नका. वाचा आणि सांगा. मी सांगतो की गोष्टीतल्यासारखे किल्ले आपल्याकडे खरोखर होते आणि ते बांधणारे राजे गोंड होते. चंद्रपूरचा परकोट (शहराभोवतीचा तट) त्यांचा, आणि नागपूर वसवलं ते छिंदवाड्याकडच्या देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने. मुलं मान हलवतात आणि पुढचं पान मागतात. तेवढं पुरे आहे.

## ९. एक प्रकरण मोठ्याने

पुस्तकाच्या मध्यावर आलात की एक प्रकरण कोणाला तरी वाचून दाखवा. नातू, सून, शेजारचे काका, कोणीही. डोळ्यांनी वाचताना आपण जुन्या ओळखीवर घसरत जातो, तोंडाने वाचताना प्रत्येक शब्दाला थांबावं लागतं. कुठे वाक्य लंगडं आहे आणि कुठे लेखकाने जीव ओतला आहे, ते जिभेला कळतं. अवघड शब्द आला की घरच्या बोलीत सांगा. "अश्व" म्हटल्यावर पोरगं बघत राहतं, "घोडा" म्हटलं की सरसावून बसतं.

आणि ऐकणाऱ्याला प्रश्न विचारू द्या. नदीकाठचं प्रकरण मी नातवाला वाचून दाखवलं तेव्हा त्याने राजपुत्राबद्दल काही विचारलं नाही. "आबा, मंग घोडा कोठी गेला?" म्हणाला. मी सांगितलं, पुस्तकात नाही. "काहून नाई?"

## १०. शेवटच्या प्रकरणाआधी थांबा

शेवटचं प्रकरण उरलं की एक पूर्ण दिवस मध्ये ठेवा. कागद काढून तुम्ही शेवट काय लिहिला होता ते बघा. मग दुसऱ्या कागदावर लिहा: आता माझ्या हाती असतं तर मी शेवट काय केला असता. राज्य कोणाला दिलं असतं? कोणाला क्षमा केली असती? बालपणी जो राक्षस वाटला तो आता कोणाचा बाप वाटतो का? चार ओळी चालतील.

त्यानंतर शेवटचं प्रकरण एका बैठकीत वाचा, सकाळी, डोळे ताजे असताना. रात्री वाचू नका. रात्री शेवट संपतो आणि तसाच झोपेत जातो, त्याच्याशी बसायला वेळ मिळत नाही.

शेवट फिका वाटला तर लगेच पुस्तकाला नावं ठेवू नका, मागे जाऊन सहाव्या पायरीतले नियम बघा. लेखकाने स्वतःचा नियम मोडून सुटका केली असेल तर शेवट खरोखरच फिका आहे आणि तसं म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. नियम पाळून केली असेल तर आणखी एकदा वाचा.

## ११. परत करण्याआधी

चिठ्ठ्या काढताना पृष्ठक्रमांकासह वहीत उतरवा. फक्त "चु" आणि खुपलेल्या जागा, बाकीच्या नकोत. आठवणीचा कागद, शेवटाचा कागद आणि ही यादी एकाच पाकिटात घाला आणि पाकिटावर पुस्तकाचा दाखल क्रमांक व आवृत्तीचं वर्ष लिहा. दहा वर्षांनी तिसऱ्यांदा वाचाल तेव्हा नेमकी हीच प्रत लागेल. पाकीट मात्र त्या वेळी आधी उघडायचं नाही. नव्या कागदापासून सुरुवात करायची.

त्याच लेखकाची दुसरी कादंबरी लगेच हाती घेऊ नका. पंधरा दिवस जाऊ द्या.

आणि पुस्तक परत देताना वाचनालयातल्या माणसाला सांगा की कितव्या पानाची शिवण सुटली आहे, कुठलं पान सैल आहे. बाइंडिंगला द्यायची पुस्तकं आम्ही पावसाळ्याआधी वेगळी काढतो. तुम्ही सांगितलं नाही तर ते पान पुढच्या माणसाच्या हातून गळतं, आणि तो माणूस कदाचित नेमक्या त्याच पानासाठी आलेला असतो.